धूपप्रतिबंधक

देवबागेत जमीन इतकी अरुंद
की खाडीकडच्या पडवीत कुणी खोकलं
तर दर्याकडच्या घरात कूस बदलतात.
तिथे कपेलाच्या पायरीवर
दर शुक्रवारी, तिन्हीसांजेच्या प्रार्थनेनंतर,
इनास मेस्त्री जगाचा शेवट समजावून सांगायचा.

शेवटची पानं तपकिरीच्या बोटांनी मळलेली.
सात शिक्के, सात कर्णे, सात वाट्या.
बर्फाच्या कारखान्याच्या कॅलेंडरमागे
पेन्सिलीने केलेल्या बेरजा,
हातचा एक कुठे गेला म्हणून
पुन्हा पहिल्यापासून.
श्वापद म्हणजे कोण,
याचं उत्तर वर्षागणिक बदलायचं:
आधी पर्ससीनवाले,
मग एलईडीच्या झोतात मासळी भुलवणारे,
आणि एका गणपतीच्या आसपास,
घराच्या हिश्श्यावरून वाजलं तेव्हा, जावई.

मी नऊ वर्षांची होते.
मेस्त्रीला मोतीबिंदू, मला अक्षरओळख,
म्हणून वाचून दाखवायचं काम माझं.
शाळेच्या वाटेवर सरकारी फलक होता,
धूपप्रतिबंधक बंधारा.
मला वाटायचं, आपल्या मिस्साचा धूप
दर्यात वाहून जाऊ नये म्हणून
एवढे काळे दगड आणून टाकलेत.
मेस्त्रीला सांगितलं.
तो हसला नाही. म्हणाला,
"वाचलंस बरोबर. अर्थ मागनं येता."

मेंढरं उजवीकडे, शेरडं डावीकडे,
हे आम्हांला कुणालाच नीट कळायचं नाही.
मेंढरू मी पहिल्यांदा पाहिलं ते निपाणीला, बसमधून.
मग तो रापण ओढायला लावायचा मनातल्या मनात:
दोर आवळत आला, जाळं वाळूला टेकलं,
आता सांगा, केंड कुठल्या टोपलीत?
बायका म्हणायच्या, केंड माडाच्या मुळात.
मेस्त्री थोडा वेळ गप्प बसायचा.
माडाच्या मुळाची सोय
त्याच्या पानांत नव्हती.

एका शुक्रवारी ती ओळ आली,
नवं आकाश, नवी पृथ्वी,
आणि दर्या नाही.
मी वाचलं आणि थांबले.
मागे दर्या चालूच होता, दगडांवर आपटत.
कायतान म्हणाला, "मगे आमी खावचा काय?"
कुणी हसलं, कुणी खूस केली.
आणि अगदी शेवटून,
जिथे ती चपला हातात घेऊन बसायची तिथून,
रेजीन म्हणाली, "बाय, आदीचा पान वाच."

आदल्या पानावर दर्या
आपल्यातली मेलेली माणसं परत देतो.
"आदी परत दितलो, मगेच जातलो. असाच लिवलला मां?"
मी पानं मागेपुढे केली. असंच होतं.
बोस्त्यांवची होडी गेली त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती.
फळ्या मिळाल्या निवतीला, तो नाही.

"आनी परत दिल्यार?"
"मगे न्याय," मेस्त्री म्हणाला. "सिंहासनासमोर. उभ्यान."
"लगेच?"
"लगेच."
"नाकातोंडात खारा पाणी आसतला तेच्या," रेजीन म्हणाली,
"जबाब देतलो कसो?
न्याय होवंदे. मी नको म्हणनय नाय.
आदी तेका वायच सुक्या आंगान बसाक दी."

पुढचे तीन शुक्रवार मेस्त्रीने अर्थ सांगितला नाही.
मला घरी बोलवायचा, एकच पान वाचायला लावायचा,
दोन वाक्यांच्या मधे नख ठेवून म्हणायचा,
"हय काय आसा बघ."
काही नव्हतं. पूर्णविराम होता.

मग कुठेतरी बरंच आधी,
सातवा शिक्का फुटतो तिथे,
त्याला सापडलं की स्वर्गात
सुमारे अर्धा तास सगळं गप्प होतं.
कशासाठी, ते दिलेलं नाही.
त्याने तो अर्धा तास तिथून उचलला
आणि आणून इथे ठेवला,
दर्या आणि सिंहासन यांच्या मधे.
असा अर्थ लावायची मुभा नसते,
हे मला पुढे एका फादरने नीट समजावलं.

कॅलेंडर अजून आमच्याकडे आहे.
बेरजांच्या खाली, तिरक्या अक्षरांत:
अर्धो तास. अंग पुसूक.
आणि त्याखाली, बहुधा दुसऱ्याच दिवशीचं,
बर्फ चार लाद्या, पैसे बाकी.